वस्तूचा सातबारा: म्युझियममधल्या गोष्टी नेमक्या कुणाच्या?

दिवाळीनंतर सांगलीहून मावशी आली होती. बडोद्यात पाहुणा आला की त्याला कमाटीबागेत न्यायचं हे ठरलेलंच, म्हणजे पाटीवर सयाजीबाग आहे पण आमच्या घरात तीन पिढ्या कमाटीबागच म्हणतात. तर म्युझियममध्ये गेलो. देवमाशाचा सांगाडा पाहून मावशी एकदम खूश, तो १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला, ७० फुटांच्या आसपास लांब, तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजत चालून आली. मग आम्ही इजिप्तच्या ममीपाशी आलो आणि ती गप्प झाली. चपलेतून पाय काढले, पदर सारखा केला आणि हात जोडले. देवळात जोडतात तसे नाही, कुणाच्या घरी दहाव्याला गेल्यावर जोडतात तसे. आणि हळूच मला म्हणाली, "हिच्या घरच्यांना माहितीय का गं, ही इथे आहे ते?"

मला काही उत्तर देता आलं नाही. मी लहानपणापासून ती ममी बघत आलेय आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

रात्री जेवताना विषय पुन्हा निघाला. मावशी म्हणाली, साताऱ्याला महाराजांची वाघनखं आली तेव्हा आमचं अख्खं मंडळ गाडी करून गेलं होतं, आपली वस्तू परत आली किती बरं वाटलं, मग हिलापण तिच्या देशात पाठवायला नको का? मी म्हटलं अगं मावशी, वाघनखं परत नाही आलेली, उसनी आलीयत, तीन वर्षांसाठी. तिचा चेहराच उतरला. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्यासारखे कितीतरी लोक असणार, म्हणून हे सगळं नीट सविस्तर लिहितेय.

असलं म्युझियम म्हणजे नेमकं काय असतं?

जगभरातल्या लोकांच्या रोजच्या जगण्यातल्या वस्तू एका छपराखाली ठेवायच्या, मुखवटे, भांडी, कपडे, शेतीची अवजारं, देवाच्या मूर्ती, वाद्यं, ही यामागची मूळ कल्पना. माणसं कशी राहतात, काय मानतात, लग्न कशी लावतात, मेलेल्याला निरोप कसा देतात याचा जो अभ्यास त्याला मानववंशशास्त्र म्हणतात, आणि ही म्युझियमं त्या अभ्यासाची भांडारघरं. ऑक्सफर्डचं पिट रिव्हर्स म्युझियम १८८४चं, पॅरिसचं के ब्रानली २००६चं, आपल्या भोपाळला इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. युरोपातल्या बऱ्याच शहरांत असं एक तरी असतंच.

मांडणी दोन प्रकारांनी होते. पिट रिव्हर्समध्ये जगातली सगळी वाद्यं एका कपाटात, सगळी कुलुपं दुसऱ्या कपाटात, मग ती कुठल्याही देशाची असोत. हे म्हणजे भांड्यांच्या दुकानासारखं, सगळे तांबे एका फळीवर. दुसरा प्रकार म्हणजे एका प्रदेशाचं सगळं एकत्र, जसं आपल्या स्वयंपाकघरात पोळपाटाशेजारी लाटणं असतं आणि त्याच्याच शेजारी पिठाचा डबा. दुकानात तांबे किती प्रकारचे असतात ते कळतं, घरात तो तांब्या कोण, कधी, कशाला वापरतं ते कळतं.

आता यात एक गोष्ट लक्षात घ्या. युरोपातली ही म्युझियमं बहुतेक अशा काळात उभी राहिली जेव्हा त्या देशांचं अर्ध्या जगावर राज्य होतं. त्यामुळे बघणारे कोण आणि काचेच्या आत कुणाच्या वस्तू, हे आधीच ठरलेलं होतं. आणि म्हणूनच बडोद्याचं म्युझियम मला इतकं वेगळं वाटतं. इथे एका मराठी राजानं युरोप, इजिप्त, जपान, चीन, तिबेट इथल्या वस्तू जमवून काचेत ठेवल्या आणि बघणारे कोण, तर आपण. सयाजीरावांनी १८९४ साली हे उभं केलं, त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला होता आणि १९०६मध्ये तो सगळ्या राज्यात नेला. मला तर म्युझियम हा त्याच शाळेचा एक मोठा वर्ग वाटतो, ज्या पोराला बोटीत बसून परदेशी जाता येणार नाही त्यानं निदान कमाटीबागेपर्यंत चालत यावं. शेजारच्या पिक्चर गॅलरीची इमारत १९१४ला तयार झाली पण उघडली १९२१ला, कारण मधे पहिलं महायुद्ध आलं आणि युरोपातून चित्रं यायचीच थांबली.

वस्तूचा सातबारा

या सगळ्या वादात एक शब्द सारखा येतो, प्रोव्हेनन्स. एकदाच सांगते आणि सोडून देते. प्रोव्हेनन्स म्हणजे वस्तू कुणी बनवली, मग कुणाकडे गेली, तिथून कुणाकडे, कशी गेली, विकली, दिली, चोरली की ओरबाडली, याची सलग नोंद. म्हणजे वस्तूचा सातबारा. महाराष्ट्रात काय आणि गुजरातेत काय, जमीन घ्यायची तर माणूस आधी सातबारा काढतो, फेरफार बघतो, मधे एखादी नोंद गायब असली की सावध होतो. म्युझियममधल्या वस्तूचं अगदी तसंच.

वाघनखांचाच सातबारा बघा. जेम्स ग्रँट डफ हा इंग्रज अधिकारी १८१८ साली साताऱ्याला आला. वाघनखांच्या पेटीवर लिहिलेलं आहे की ही शिवाजी महाराजांची आणि पेशव्यांच्या प्रधानानं ती ग्रँट डफला दिली. पुढे त्याच्या घराण्यातून ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे गेली. म्हणजे १८१८ पासून पुढचा उतारा बऱ्यापैकी स्वच्छ, पण अफजलखानाच्या वधापासून १८१८पर्यंत जी दीडशेहून जास्त वर्षं जातात त्याची कागदावर नोंद नाही. ते म्युझियम स्वतःच म्हणतं की ही तीच वाघनखं आहेत याची खात्री करता येत नाही. हे ऐकून कुणाला राग येतो, मला समजतं, पण यात महाराजांचं काही कमी होत नाही. मधले कागद नाहीत, एवढंच.

आणि सातबारा नीट नसला की पाटी कशी होते ते सांगते. एका म्युझियममध्ये मी एक मुखवटा बघितला, पाटीवर तीनच शब्द, 'मुखवटा, लाकूड, आफ्रिका'. आफ्रिकेत ५४ देश आहेत. उद्या आपली गायकवाडी पगडी कुणी तिकडे काचेत ठेवली आणि खाली लिहिलं 'टोपी, कापड, आशिया', तर आपल्याला कसं वाटेल? पगडीचा घेर, तिची ठेवण, ती कोण घालायचं, कुठल्या दरबारात, सगळंच पुसलं गेलं की. त्या मुखवट्याच्या कडेला आतल्या बाजूनं लाकूड गुळगुळीत झालं होतं, अगदी कपाळ टेकतं तेवढ्याच जागी. म्हणजे कुणीतरी तो वर्षानुवर्षं घालून नाचलं होतं. पाटीवर त्या माणसाचा पत्ताच नाही.

"परत आलं" म्हणजे नेमकं काय झालं?

बातमीत एकच शब्द असतो पण त्यात तीन वेगवेगळे व्यवहार लपलेले असतात.

पहिला उसनवारीचा. वाघनखं जुलै २०२४मध्ये आली ती अशी. शेजारणीकडून पुरणयंत्र आणतो, वापरतो, परत देतो, मालकी तिचीच राहते. असं का, तर इंग्लंडच्या मोठ्या राष्ट्रीय म्युझियमांना कायद्यानंच वस्तू कायमची देऊन टाकणं जवळजवळ बंद आहे, ब्रिटिश म्युझियमसाठी १९६३चा कायदा आहे आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टसाठी १९८३चा. त्यामुळे तिथल्या अधिकाऱ्याला मनापासून द्यावंसं वाटलं तरी त्याच्या हातात उसनं देण्यापलीकडे फारसं काही नसतं.

दुसरा विकत घेण्याचा. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी, त्यांची तलवार २०२५ साली लंडनला लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारनं ती ४७ लाखांच्या आसपास रुपये मोजून घेतली. ती आता कायमची आपली. पण आपलीच वस्तू पैसे देऊन सोडवून आणली, हे मनाला लागतंच.

तिसरा म्हणजे मालकीच मूळ लोकांकडे सोपवणं, याला रिपॅट्रिएशन म्हणतात. आजच्या नायजेरियात बेनिन नावाचं एक राज्य होतं, १८९७मध्ये इंग्रज फौजेनं तिथे हल्ला केला, राजवाडा लुटला आणि पितळेच्या ओतीव पट्ट्या, मूर्ती, हस्तिदंती काम, अशा हजारो वस्तू नेल्या. त्या विकल्या गेल्या आणि युरोपभर पसरल्या. २०२२मध्ये लंडनच्या हॉर्निमन म्युझियमनं आपल्याकडच्या ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली, हे म्युझियम वरच्या कायद्यात अडकत नाही म्हणून ते देऊ शकलं. जर्मनीनंही त्याच वर्षी मालकी सोपवायचा करार केला.

तर पुढच्या वेळी फोनवर 'परत आली' असं फिरत आलं की आधी विचारा, उसनी, विकत की खरोखर परत?

पण पैसे देऊन घेतलं असेल तर प्रश्नच कुठे येतो?

हा आक्षेप माझ्या भावानंच घेतला, आणि तो चुकीचा नाहीये. जर्मन म्युझियमांनी बेनिनवर हल्ला केला नव्हता, त्यांनी बाजारात पैसे मोजून घेतलं. पण चोरीची गाडी तुम्ही पावती घेऊन विकत घेतलीत तर पोलीस गाडी ठेवू देतात का? विकणाऱ्याला ती विकायचा हक्क होता का, हे बघावंच लागतं.

तमिळनाडूत पाथूर नावाचं गाव आहे. १९७६मध्ये तिथे एका मजुराला खणताना जमिनीत नटराजाची कांस्यमूर्ती सापडली, ती हातोहात विकली गेली आणि लंडनला पोचली. शेवटी इंग्लंडच्या कोर्टात खटला चालला आणि कोर्टानं मानलं की त्या पडक्या देवळाला स्वतःला हक्क सांगता येतो. १९९१ साली मूर्ती भारतात आली. ज्या देवळात पूजासुद्धा बंद पडली होती ते देऊळ लंडनच्या कोर्टात जिंकलं, मला ही गोष्ट कितीही वेळा सांगायला आवडेल.

उलट उदाहरणही द्यायला पाहिजे आणि ते आपल्या बडोद्याचंच आहे. खंडेराव महाराजांनी १८६०च्या दशकात मोत्यांनी भरलेला एक गालिचा करवून घेतला, मदिनेला पैगंबरांच्या समाधीवर अर्पण करण्यासाठी. तो तिकडे पोचलाच नाही, बडोद्यातच राहिला, पुढे राजघराण्यातल्या सीतादेवींबरोबर मोनॅकोला गेला, २००९मध्ये दोह्याला लिलावात ५५ लाख डॉलरच्या आसपास विकला गेला आणि आज कतारच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये आहे. मला तो इथे हवा होता का? हो, फार हवा होता. पण तो कुणी लुटला नाही, घरातल्यांनीच नेला आणि विकला. बाहेर आहे म्हणून प्रत्येक गोष्ट चोरीची असं धरून चाललो तर जिथे खरंच लूट झालीय तिथला आपला आवाज कमी होतो.

कायद्याचंही थोडं सांगते. पुराणवस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७०चा, भारताचा पुराणवस्तू कायदा १९७२चा, त्यानुसार साधारण १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पण हे नियम मागे जाऊन लागू होत नाहीत. आज गल्लीत नो पार्किंगचा बोर्ड लागला तर परवाच्या गाडीला दंड करता येत नाही, तसंच. म्हणून १८९७ची लूट असो की त्याआधीची, ती परत मिळणं बहुतेक वेळा कायद्यापेक्षा समोरच्याच्या मनावर आणि लोकांच्या दबावावर ठरतं.

सगळं परत दिलं तर म्युझियमं रिकामी होतील ना?

नाही होणार. सगळ्या वस्तूंवर कुणी दावा करत नाहीये, कितीतरी गोष्टी सरळ विकत घेतलेल्या, प्रेमानं दिलेल्या, मुद्दाम करवून घेतलेल्या असतात. आणि मालकी बदलली म्हणजे जागा बदललीच पाहिजे असंही नाही. जर्मनीत कोलोनच्या म्युझियममधल्या बेनिनच्या ९२ वस्तूंपैकी ३७ अजून तिथेच ठेवायचं ठरलं, फक्त आता त्या नायजेरियाच्या आहेत आणि कोलोनकडे उसन्या आहेत. म्हणजे पुरणयंत्र त्याच ओट्यावर, पण आता शेजारीण ते आपल्याकडून मागून घेतेय.

तिकडे नीट तरी राहतं, इकडे कोण सांभाळणार?

हे आपणच सगळ्यात जास्त बोलतो. पण ऑगस्ट २०२३मध्ये खुद्द ब्रिटिश म्युझियममधूनच सुमारे २००० वस्तू गायब, चोरीला गेलेल्या किंवा खराब केलेल्या असल्याचं बाहेर आलं. आणि आपल्याकडे काहीच सांभाळलं जात नाही असं म्हणणाऱ्यानं एकदा अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती बघाव्यात. अकोटा म्हणजे बडोद्यातलंच, आज आपण रोज जिथून पूल ओलांडतो तेच, तिथे १९५१ साली ६८ मूर्ती सापडल्या, काही तर पाचव्या-सहाव्या शतकातल्या, आणि जिथे सापडल्या त्याच गावच्या म्युझियममध्ये त्यांना जागा मिळाली. जीवंतस्वामींच्या, म्हणजे दीक्षा घेण्याआधीच्या महावीरांच्या, मूर्तीसमोर उभं राहा, मुकुट, दागिने, आणि डोळे असे की आपणच आवाज खाली आणतो.

पण मला 'सांभाळणं' या शब्दाबद्दलच जरा बोलायचंय, कारण प्रत्येक गोष्ट सांभाळायचीच असते असं कुठे आहे?

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हाइस्ला नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्या एका प्रमुखाची मुलंबाळं, नातलग साथीत गेले, त्या दुःखात १८७२ साली त्यानं एक उंचच उंच लाकडी कोरीव स्तंभ उभा करवला. १९२९मध्ये तो तिथून कापून स्वीडनला नेला, त्या लोकांना पत्ताच नाही कुठे गेला. १९९१मध्ये त्यांना कळलं की तो स्टॉकहोमच्या म्युझियममध्ये आहे. मागणी केली. म्युझियमची अट अशी की तिकडे त्याला जपून ठेवायला योग्य इमारत बांधा. आता गंमत म्हणजे, गंमत नाही म्हणणार मी, दुःखाची गोष्ट आहे, की त्यांच्या परंपरेत असा स्तंभ जपायचाच नसतो. तो उन्हापावसात उभा राहतो, झिजतो, एक दिवस पडतो आणि मातीत जातो, तेव्हा त्याचं काम पूर्ण होतं. त्यांनी तशाच स्तंभाच्या नव्या प्रती कोरल्या, एक स्वीडनला भेट दिली, आणि २००६मध्ये मूळ स्तंभ घरी आणला.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. दांडिया बाजारातला गणपती दहा दिवस बसतो, आपण त्याचं सगळं करतो, आणि अनंत चतुर्दशीला डोळ्यात पाणी आणून पाण्यात सोडतो. समजा कुणी परक्यानं नवव्या दिवशी ती मूर्ती उचलून नेली, तापमान कायम ठेवणाऱ्या कपाटात ठेवली, आणि शंभर वर्षांनी आपल्याला म्हणाला बघा किती सुंदर जपलीय, रंगाचा टवकासुद्धा उडालेला नाही. आपण त्याला काय सांगणार? बाबा, हिचं विसर्जन राहिलंय.

मग कमाटीबागेतली ममी?

मावशीच्या प्रश्नाकडे येते. ती ममी सयाजीरावांनी विकत घेतलेली आहे. त्या काळी इजिप्तमधून अशा गोष्टी उघड विकल्या जायच्या, परवाने मिळायचे, कैरोच्या म्युझियममध्येच विक्रीची खोली होती, हा व्यापार पूर्ण बंद झाला तो १९८३च्या कायद्यानं. म्हणजे कागदाच्या हिशोबानं यात काही वावगं नाही. भारतात कोलकाता, जयपूर, हैदराबाद इथेही ममी आहेत.

पण ती वस्तू नाही, माणूस आहे, आणि माणसाला सातबारा पुरत नाही. हे आता जगभर मानलं जायला लागलंय. अमेरिकेनं १९९०मध्ये कायदा करून तिथल्या मूळ रहिवाशांचे अवशेष त्यांच्या लोकांना परत द्यायला म्युझियमांना भाग पाडलं. पिट रिव्हर्सनं २०२०मध्ये मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले, आणि तिथे असलेले आपल्या नागा लोकांच्या पूर्वजांचे अवशेष घरी आणण्यासाठी नागा समाजातली माणसं त्यांच्याशी बोलतायत. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये एका नागा माणसाची कवटी चक्क लिलावाच्या यादीत होती, नागालँडमधून ओरड झाली तेव्हा ती काढली.

इजिप्तचं मात्र इतकं सरळ नाही. राष्ट्राध्यक्ष सादात यांनी १९८०च्या सुमारास कैरोतलं राजघराण्यातल्या ममींचं दालन बंद करायला लावलं, आपल्या राजांना असं उघडं दाखवणं बरं नाही म्हणून. १९९४ला ते पुन्हा उघडलं. आणि एप्रिल २०२१मध्ये २२ राजे-राण्यांच्या ममी मोठ्या थाटात मिरवत नव्या म्युझियममध्ये नेल्या. म्हणजे ज्यांच्या त्या, त्यांचंही मन दोन्हीकडे आहे.

मला विचाराल तर ती इथे राहायला माझी हरकत नाही. मला पोरांना ती दाखवावीशी वाटते, मीही तिच्यामुळेच लहानपणी नकाशात नाईल शोधली होती. पण तिच्यासमोर सेल्फी काढू नये, आवाज खाली असावा, आणि ती कोण, कुठल्या गावची, इथे कशी आली हे मराठी, गुजराती, हिंदीत पोरांना समजेल असं मोठ्या अक्षरात सगळीकडे लिहिलेलं असावं, प्रत्येक गावातल्या प्रत्येक ममीपाशी. आणि तिच्या देशानं उद्या मागितलं तर मान खाली घालून ऐकावं, काय द्यायचं ते नंतर ठरवावं, पण आधी ऐकावं.

परवा मावशीचा सांगलीहून फोन होता. दिवाळीचा चिवडा अजून पुरतोय म्हणाली, गुडघ्याचं सांगितलं, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "अगं, त्या पोरीचं नाव काय होतं ते विचारलंस का तिथे?" मी शनिवारी जातेय विचारायला.